आधी महिना, मग जागा, शेवटी तंबू

प्रश्न असा आहे: "आम्ही मूळचे अमळनेरचे, पंधरा वर्षांपासून पुण्यात. नाताळच्या सुट्टीत दोन मुलांना (वय ६ आणि ११) आणि आईला (वय ७२, गुडघे दुखतात) घेऊन सातपुड्याच्या बाजूला तीन रात्री ग्लॅम्पिंग करायचा विचार आहे. फोटो सगळीकडे सारखेच दिसतात. काय बघून ठरवायचं, प्रत्यक्षात सोयी किती मिळतात, आणि आईला झेपेल का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरणार आहे. आईंना झेपेल. ऐंशी ओलांडलेल्या आज्या माझ्याकडे राहून गेल्या आहेत आणि नातवंडांपेक्षा जास्त रमल्या आहेत. पण त्यांना झेपेल अशी जागा निवडावी लागेल, आणि ती फोटोवरून निवडता येत नाही. मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्याच शेतात अकरा वर्षांपासून तंबूंचा मुक्काम चालवतो. एवढ्या वर्षांत जे पाहुणे नाराज होऊन गेले, त्यातले बहुतेक तंबूवर नाराज नव्हते. कोणी चुकीच्या महिन्यात आले होते, कोणी हॉटेलची अपेक्षा घेऊन आले होते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी महिना, मग जागा, मग चालवणारा माणूस आणि सगळ्यात शेवटी तंबू. लोक नेमकं उलटं करतात. तंबूचा फोटो आवडला की पैसे भरतात आणि मग हवामान बघतात.

ग्लॅम्पिंग म्हणजे 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' हे दोन शब्द जोडून केलेला शब्द. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो २०१६ साली आला. अर्थ सोपा आहे: मुक्काम तंबूत, पण खाली सतरंजी नाही, पलंग आहे, शौचाला लोटा घेऊन शेतात जायचं नाही, कमोड आहे, अंघोळीला गरम पाणी आहे, दिवा आहे, फोन चार्ज होतो. कल्पना मात्र जुनी आहे. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघायचे ते असेच तंबू, पलंग आणि स्वयंपाकी बरोबर घेऊन. आजही आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो सरळ उभ्या भिंतींचा स्विस कॉटेज तंबू त्याच धाटणीचा आहे. आणि ते साहेब दौऱ्याला हिवाळ्यातच निघायचे, हेही लक्षात घ्या.

कारण तंबू कितीही भारी असला तरी शेवटी ते कापड आहे. विटांची भिंत दिवसाचं ऊन अडवते आणि रात्रीची थंडीही अडवते. कापड थोडंसंच अडवतं. बाहेर जे चाललंय ते आत कळतं: थंडी, वारा, दव, आवाज, वास. ज्यांना हे हवं असतं त्यांच्यासाठीच ही सुट्टी आहे. ज्यांना नको असतं त्यांनी शेतातली पक्की खोली घ्यावी, त्यात काहीही कमीपणा नाही. कृषी पर्यटनाच्या कितीतरी चांगल्या जागा आता आपल्याकडे आहेत.

आता महिना. खान्देशचा उन्हाळा तुम्ही लहानपणी बघितलेला आहे, पण पुण्यात राहून माणूस विसरतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत कापडाच्या तंबूत दुपारी दोन वाजता बसणं म्हणजे शिक्षा आहे. काही ठिकाणी एसीचं आमिष दाखवतात. एसी चालतो, पण कापडातून थंडावा बाहेर निघून जातो आणि यंत्र दिवसभर धापा टाकत राहतं. त्यात गावाकडची लाईट. त्यापेक्षा कूलर बरा, कारण आपलं ऊन कोरडं असतं आणि कोरड्या हवेतच कूलर काम करतो. पण तोच कूलर पाऊस पडून हवेत ओल आली की नुसती चिकचिक करतो. थोडक्यात, मे महिन्यात स्वस्त दर दिसला म्हणून भुलू नका. आणि प्लास्टिकच्या पारदर्शक खिडकीचा तो गोल डोम, जो सगळ्या फोटोंत असतो, तो तर उन्हात हरितगृहासारखा तापतो. घ्यायचाच असेल तर त्याची ती खिडकी उत्तरेला किंवा पूर्वेला आहे ना, हे विचारा. पश्चिमेला तोंड असलेला डोम हिवाळ्यातसुद्धा दुपारी तीननंतर बसू देत नाही.

उन्हापेक्षाही मला उन्हाळ्यातल्या वादळाची जास्त भीती वाटते. रावेर-यावल भागात मे-जूनच्या वादळात केळीच्या उभ्या बागा आडव्या होतात, हे तुम्ही पेपरात वाचत असालच. जो वारा केळीला झोपवतो तो तंबूला सोडत नाही. माझ्या चौथ्या वर्षी मेच्या शेवटी, दुपारी चारच्या सुमाराला उत्तरेकडून धुळीची भिंत आली. पाहुणे जेवणाच्या शेडमध्ये होते म्हणून वाचले. दोन तंबू दहा मिनिटांत उडाले. नंतर जाऊन बघितलं तर एकही दोर तुटलेला नव्हता. खुंट्याच उपसून आल्या होत्या. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, मग खुंटीला धरायला मातीच राहत नाही. ती खुंटी मी अजून ऑफिसात ठेवली आहे, दोन फूट लांबीची, सरळ, जराही न वाकलेली. तेव्हापासून सगळे दोर काँक्रीटमध्ये बसवलेल्या कड्यांना बांधतो आणि १५ एप्रिलनंतर तंबू उतरवून ठेवतो. तुम्ही जिथे जाल तिथे आधी जाऊन एक तंबूचा दोर हाताने ओढून बघा आणि तो कशाला बांधलाय ते बघा. मालकाच्या बोलण्यापेक्षा तो दोर जास्त खरं सांगेल.

पावसाळा दिसायला सुंदर असतो. मनुदेवीचा धबधबा, पाटणादेवीच्या परिसरातलं केदारकुंड, तोरणमाळच्या सीताखाईवर चढणारं धुकं, सगळं खरं आहे. पण ते बघायला दिवसा या आणि रात्री पक्क्या छपराखाली झोपा. काळ्या मातीत एकदा पाणी मुरलं की चप्पल निघत नाही आणि गाडी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. कॅनव्हासचा चांगला तंबू गळत नाही; सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बंद होतात. पण चार दिवस झड लागली की गादी, उशी, टॉवेल सगळ्याला कुबट वास येतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना हा प्रयोग करू नये.

राहिला हिवाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने हे खान्देशातल्या तंबूचे खरे दिवस. त्यामुळे तुमचा डिसेंबर बरोबर आहे. फक्त २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळा. त्या दिवसांत दर चढलेले असतात, स्पीकर लागलेले असतात आणि कामाला बाहेरून आणलेली नवी मुलं असतात. मुलांच्या शाळेमुळे नाताळच घ्यावा लागत असेल तर शनिवार-रविवार सोडून मधले वार घ्या. आणि बुकिंग करताना एक थेट प्रश्न विचारा: "त्या तारखांना लग्नाचं किंवा थर्टीफर्स्टच्या पार्टीचं बुकिंग आहे का?" कापडाला आवाज अडवता येत नाही. शेजारच्या तंबूतलं हळू बोलणंसुद्धा ऐकू येतं, तिथे डीजेची काय कथा.

थंडीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, कारण पुण्याचे पाहुणे इथेच फसतात. दिवसा स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे तीन वाजता तोच पुरत नाही. थंडीची लाट आली की पायथ्यालाही पारा १० अंशांच्या खाली उतरतो. वर डोंगरात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या बाजूला तर गवतावरचं दव गोठतं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. तिथे मुक्काम करायचा तर थंडीची तयारी दुप्पट हवी. आईंना घेऊन पहिल्यांदाच येताय, तर मी डोंगराच्या पायथ्याचीच जागा घ्या म्हणेन. तोरणमाळ एका दिवसात बघून परत येता येईल, अशी शहाद्याच्या बाजूची जागा मिळाली तर तेही छान.

पहाटे तुम्हाला तंबूच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतील. घाबरू नका, तंबू गळत नाही. चार माणसांचा रात्रभराचा श्वास थंड कापडाला लागून त्याचं पाणी होतं. यावर उपाय म्हणजे खिडकीची वरची पट्टी चार बोटं उघडी ठेवायची. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या चेन गच्च लावतात आणि सकाळी ओल्या गोधडीत उठतात. त्या चार बोटांच्या फटीने थंडी वाढत नाही. थंडी येते ती खालून. गादीखाली जाड सतरंजी किंवा घोंगडी घातली की अर्धी थंडी पळते, म्हणून वरच्या पांघरुणाइतकाच खालच्या अंथरुणाचा आग्रह धरा.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत नेऊ नका. दर हिवाळ्यात दोन-तीन कुटुंबं माझ्याकडे हे मागतात, "आजीला थंडी वाजतेय, थोडा विस्तव द्या ना" म्हणून. मी देत नाही. बंद तंबूत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. शेगडी, गॅसचा हीटर, मच्छर अगरबत्ती, काहीच आत नको. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या मागा. झोपायच्या आधी अर्धा तास पांघरुणात ठेवल्या की आईंचे गुडघे शेकले जातील आणि गादीही ऊबदार होईल.

जागेकडे येतो. खाली मुरूम असावा, जरा उंचवटा असावा, दगडी किंवा लाकडी ओटा असावा. नाल्याच्या काठावरची जागा फोटोत सुंदर दिसते. तिथे थंडी जास्त साचते आणि डासही जास्त. धरणाच्या पाण्याला अगदी लागून असलेल्या जागेत लहान मुलांवर सारखी नजर ठेवावी लागते. वर झाड असेल तर त्याची एखादी फांदी वाळलेली आहे का बघा, आणि आग्या मोहोळ आहे का तेही बघा. मोहोळाखाली शेकोटी पेटवली तर धुराने माश्या उठतात, आणि मग पळायलाही वेळ मिळत नाही. केळीची बाग आणि तंबू यांच्यामध्ये मोकळी पट्टी असणं चांगलं. आपल्याकडे बिबट्या केळीत, उसात थांबतो. अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने बागेच्या कडेला जायचं नाही, हा माझ्याकडचा पहिला नियम आहे.

जंगलाच्या बाबतीत एक गैरसमज आहे. यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावकडचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, या सगळ्या ठिकाणी वाटेल तिथे तंबू टाकून राहता येत नाही. वन विभागाची परवानगी लागते. कोणी "जंगलाच्या अगदी आत मुक्काम" असं सांगत असेल तर ती जमीन कोणाची, हे विचारा. चांगला मालक खासगी शेतात, जंगलाच्या बाहेर असतो आणि ते अभिमानाने सांगतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होते. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका.

चालवणारा माणूस कसा आहे हे फोनवर पाच मिनिटांत कळतं. त्याला विचारा, "रात्री कोणाला काही चावलं तर तुम्ही काय करता?" जो म्हणतो "आमच्याकडे साप नाहीतच", तिथे जाऊ नका. साप सगळीकडे असतात. डिसेंबरच्या थंडीत कमी दिसतात, एवढंच. जो सांगतो की अमुक गावच्या ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध असतं, गाडी रात्रभर दारात असते, ड्रायव्हर इथेच झोपतो, १०८ ला फोन केला तर गाडी यायला इतका वेळ लागतो, त्याच्याकडे डोळे झाकून जा. मण्यारविषयी तेवढं लक्षात ठेवा. ती रात्री फिरते, चावल्यावर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. झोपेतून उठून कोणी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं म्हणालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, ब्लेडने कापणं नाही. पलंगावर झोपायचं, तंबूची चेन लावायची, बूट झटकून घालायचे, रात्री बाहेर पडताना बॅटरी पायाजवळ मारायची. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. अकरा वर्षांत माझ्याकडे एकाही पाहुण्याला साप चावलेला नाही.

आईंसाठी तंबू बघताना फोटोऐवजी व्हिडिओ मागा, पलंगापासून कमोडपर्यंत चालत जाऊन काढलेला. त्यात सगळं दिसतं: मध्ये किती पायऱ्या आहेत, उंबरठ्याची पट्टी किती उंच आहे, शौचालयाला दार आहे की नुसता पडदा, धरायला दांडी आहे का, फरशी ओली असताना निसरडी होते का. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. खाली गादी टाकून केलेली 'पारंपरिक बैठक' फोटोत छान दिसते, पण दुखऱ्या गुडघ्यांना तिथून उठता येत नाही. मधोमध एकच खांब असलेले गोल बेल तंबूही असतात. मुलांना भारी आवडतात, पण त्यांच्या कडेला उंची कमी असते आणि आईंना वाकून फिरावं लागेल. तुमच्या कुटुंबाला सरळ उभ्या भिंतीचा स्विस तंबू योग्य. आईंचा तंबू जेवणाच्या जागेला सगळ्यात जवळचा मागा, आणि एका मुलाला त्यांच्याजवळ झोपवा. रात्री हाक मारायला कोणीतरी हवं. गरम पाणी बहुतेक ठिकाणी बंबावर किंवा सोलरवर असतं आणि ते सकाळी ठराविक वेळातच मिळतं. वेळ विचारून ठेवा.

दर विचारताना माणशी आहे की तंबूमागे, सहा वर्षांच्या मुलाचे किती, चहा-नाश्ता-दोन वेळचं जेवण धरून आहे का, शेकोटीचे वेगळे घेतात का, आणि रद्द केलं तर किती परत, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. तोंडी नको.

जेवणाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. माझ्या मते खान्देशातल्या ग्लॅम्पिंगची श्रीमंती गादीपेक्षा चुलीवर जास्त आहे. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचे दिवस. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी तुम्हाला आठवत असतील, मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि केळीलाही. आमच्याकडे कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. काड्यांचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून भाजणारी मावशी तिथून हलत नाही, एकेक वांगं देठाला धरून फिरवत राहते. साल काळीठिक्कर झाली, देठाजवळून रस सुटायला लागला की काढायचं. त्याच विस्तवावर हिरव्या मिरच्या भाजायच्या. मग लाकडी भांड्यात मिरची-लसूण आणि वांगं ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी किंवा पुरी. तुमच्या मुलांना भाजणाऱ्या मावशीजवळ बसवा. माझ्याकडे मोबाइल सोडायला तयार नसलेली मुलं त्या जाळापुढे तास-तास बसलेली मी बघितली आहेत. मावशी त्यांना अहिराणीत विचारतात, "जेवन जयं का?" आणि मुलं आईकडे बघतात. तुमच्या आई उत्तर देतील, आणि मला वाटतं तो क्षण तुम्हाला या सहलीतलं सगळ्यात जास्त काही देऊन जाईल.

तीन रात्रींत एक भरीत, एक वरण-बट्टी, एक शेवभाजी असं आधीच सांगून ठेवा. मुलांच्या वाटणीचा रस्सा काळा मसाला घालायच्या आधीच बाजूला काढायला सांगा. नंतर पाणी घालून तिखट कमी होत नाही. सगळीकडे मिळणारं पनीर आणि नूडल्स मागू नका. मावशींना ते येतं, पण मनापासून येत नाही. जानेवारीत आलात तर दादर ज्वारीचा हुरडाही मिळू शकतो, शेत कुठलं आणि पेरणी केव्हाची यावर ते अवलंबून आहे.

रात्री काय होईल ते सांगून ठेवतो, म्हणजे पहिल्या रात्री दचकणार नाही. आठच्या सुमाराला सगळं शांत होईल, आणि मग कळेल की शांत काहीच नाही. टिटवी ओरडेल, पिंगळा बोलेल, लांबून कोल्हेकुई येईल. मध्यरात्री एखाद्या शेतातली मोटार सुरू होईल, कारण शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीच येते, आणि बांधावरून बॅटरीचा उजेड हलत जाताना दिसेल. तो चोर नसतो, पाणी भरायला निघालेला शेतकरी असतो. मुलांना हे नक्की दाखवा. ती रोज खातात त्या केळीला रात्री दोन वाजता कोणीतरी थंडीत पाणी देतं, हे त्यांना तंबूतून जसं कळेल तसं पुस्तकातून कळणार नाही.

आकाशासाठी तारीख बघताना चंद्र बघा. अमावस्येच्या जवळच्या रात्री चांदण्या भरगच्च दिसतात. डिसेंबरात रात्री नऊपर्यंत मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो, त्याच्या वर रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा झुबका. अकरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात तिन्ही ओळखता येतात. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, तोही मध्यरात्रीनंतर छान दिसतो. खान्देशात आकाश बघण्याला जुना आधार आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. जागेच्या मालकाला रात्री नऊनंतर बाहेरचे हॅलोजन बंद करायला सांगा. बहुतेक जण सांगितलं की करतात, आपण सांगत नाही एवढंच.

दिवसभराचा कार्यक्रम भरगच्च नको. तीन रात्री म्हणजे मधले दोन पूर्ण दिवस. एका दिवशी बाहेर पडा, एक दिवस शेतातच काढा. पक्षी आवडत असतील तर तापीवरचं हतनूर धरण सकाळी लवकर गाठा, हिवाळ्यात तिथे परदेशातून आलेली बदकं दिसतात. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. तारखा जुळल्या तर मुलांना तिथे न्याच. पाल हे सातपुड्याच्या कुशीतलं गाव आईंना घेऊन आरामात बघता येतं. डोंगरातल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमध्ये जाणार असाल तर ओळखीच्या माणसाबरोबर जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि मुलांना चॉकलेटं वाटू नका. लोकांच्या अंगणात आपण पाहुणे असतो. काही घ्यावंसं वाटलं तर त्यांनी वाळवलेला आमचूर विकत घ्या, सांगतील त्या भावाने.

सामानात प्रत्येकाला एक बॅटरी, कानटोपी, पायमोजे, आईंची नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त, पॉवर बँक आणि थोडी रोख रक्कम. डोंगराच्या बाजूला रेंज मधूनच जाते आणि रेंज गेली की फोनवरून पैसेही जात नाहीत. पोहोचा मात्र सूर्य मावळायच्या आत, म्हणजे साडेपाचपर्यंत. शेवटचे दोन-तीन किलोमीटर मॅपवर विसंबू नका. तो जवळचा रस्ता म्हणून शिवरस्त्यावर घालतो आणि तिथे समोरून बैलगाडी आली तर मागे घ्यायलाही जागा नसते. मालकाला गावच्या फाट्यावर माणूस उभा करायला सांगा.

परतीच्या दिवशी घाई करू नका. नाश्ता करून दहाच्या सुमाराला निघा, अडावदजवळच्या उनपदेवला थांबा. गरम पाण्याचा झरा आहे, बाराही महिने वाहतो. आईंना पायऱ्यांवर बसवून पाय पाण्यात सोडू द्या, आधी हाताने पाणी किती गरम आहे ते बघा. तिथून चोपड्यावरून अमळनेर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येईल. नातेवाइकांना आधी फोन करून ठेवा, नाहीतर आई पुण्याला परत यायला तयार होणार नाहीत.